खडपावर गरवायला जाताना मासे कशात ठेवायचे?

गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, खडपावरून (किनाऱ्यावरच्या खडकांवरून) चालत जायचं असेल तर इन्सुलेटेड बॅग घ्या. गाडी पाण्यापर्यंत जात असेल किंवा होडीत बसायचं असेल तर कडक आइसबॉक्स. थर्माकोलचा खोका बाजारातून घरी एकदाच मासळी न्यायला ठीक आहे, गरवायला मी तो नेत नाही. खडपाला आपटून कोपरा फुटला की त्याचे पांढरे दाणे भरतीबरोबर किनाराभर पसरतात, आणि ते वेचता येत नाहीत.

काहीही घेतलं तरी आधी बर्फाचा हिशेब करा, बॅगेचं माप त्यावरूनच ठरतं. आपल्या हवेत नुकता काढलेला मासा २८-३० अंशांवर असतो. एक किलो मासा शून्यापर्यंत उतरवायलाच साधारण ३०० ग्रॅम बर्फ वितळतो. उरलेला बर्फ त्याला तिथे टिकवायला. म्हणून किलोभर मासळीला किलोभर बर्फ. पाच किलो मासळीची आशा असेल तर २० लिटरपेक्षा लहान बॅग पुरणार नाही. बर्फ चुरा करूनच भरा. लादीचा तुकडा माशाला एका बाजूनेच टेकतो, चुरा कल्ल्यांपर्यंत शिरतो. जेल पॅकचंही तेच. आधीच थंड असलेल्या मासळीला ते चालतात, गरम माशाला गार करायला कमी पडतात.

बांगडा, सुरमई, कुपा यांच्या बाबतीत तर हयगय नकोच. हे मासे उन्हात राहिले की मांसात हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं.

आता बॅग निवडताना. माझी पहिली बॅग शिवलेल्या अस्तराची होती. भाट्याहून परतताना बसमध्ये टाक्यांतून रक्ताचं पाणी झिरपलं आणि शेजारच्या बाईंच्या पिशवीखाली गेलं. त्यांची माफी मागत मी रुमालाने पुसत बसलो होतो. तेव्हापासून दुकानातच बॅगेत दोन तांब्ये पाणी ओतून दाखवायला सांगतो. अस्तराचे जोड शिवलेले नकोत, उष्णतेने चिकटवलेले हवेत. जेवण पोचवायला वापरतात तसल्या पातळ चंदेरी बॅगा तर शेंगाळ्याच्या एका काट्याने फाटतात. शेंगाळा मिळालाच तर काटे पक्कडीने मोडून मगच आत टाका.

लांबीही बघा. तीन किलोचा जिताडा दोन फुटांच्या आसपास जातो. तो ताठ झाल्यावर दुमडून कोंबला तर मांस आतून फाटतं, आणि तुकड्या करताना त्या सुटून येतात.

आइसबॉक्सची खरी जमेची बाजू म्हणजे तळाचं बूच. वितळलेलं पाणी काढून टाकता येतं, मासा त्यात भिजत राहत नाही. चांगल्या डब्यात बर्फ दुसऱ्या दिवशीपर्यंत उरतो. पण भरलेला डबा एका हातात आणि गळ दुसऱ्या हातात घेऊन शेवाळलेल्या खडपावर चालणं मला धोक्याचं वाटतं. बॅग पाठीला लागते, दोन्ही हात मोकळे राहतात. बॅगेला बूच नसतं, म्हणून मी तळाशी प्लॅस्टिकची जाळीदार टोपली पालथी घालतो आणि मासे तिच्यावर रचतो. पाणी खाली साचतं, मासा वर राहतो. वरून ओलं गोणपाट टाकलं की दुपारच्या उन्हातही बर्फ बराच वेळ तग धरतो.

मासा बॅगेत जाण्याआधी कल्ले कापून रक्त वाहू द्या, पोट साफ करा आणि समुद्राच्या स्वच्छ पाण्यात खळबळून घ्या. खाडीचं गढूळ पाणी असेल तर घरून नेलेलं पाणी वापरा. नाहीतर वास बॅगेच्या चेनीत जाऊन बसतो.

घरी आल्यावर बॅग आधी थंड पाण्याने धुवा. गरम पाणी आधी ओतलं तर रक्त अस्तराला चिकटून बसतं. मग साबण, चेनीला जुना टूथब्रश, आणि बॅग उघडी करून उलटी टांगायची. पूर्ण सुकल्याशिवाय तिची चेन लावू नका.