वाकलेला हँगर आणि गेलेले ४,८०० रुपये

पन्हाळ्याहून उतरताना वाघबीळजवळ सायकल घसरली, उजव्या अंगावर पडली. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, आत वळून स्पोकना घासायला लागला. घरीच सरळ करावा तर आटा जाईल ही भीती. म्हणून घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्या एकाला बोलावलं. तिथंच माती खाल्ली.

त्यानं पक्कडीनं डिरेलर हलवला. 'काका, हा गेला. ओरिजिनल नवा बसवतो.' डिरेलर ३,४५०, हँगर (डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा) ६५०, केबल-मजुरी ७००. ३,००० आगाऊ ऑनलाइन घेतले आणि जुना डिरेलर मॅचिंगला म्हणून घेऊन गेला. जुना भाग हातातून कधीच सोडू नका! चौथ्या दिवशी चकाचक डिरेलर बसवला. बॉक्स? म्हणे दुकानातच राहिला. मी उरलेले १,८०० रोख दिले.

लिमिटच्या, म्हणजे डिरेलर किती सरकावा ते ठरवणाऱ्या, एका स्क्रूवर मी ओळखीसाठी मुलीचं लाल नेलपॉलिश लावलं होतं. 'नव्या' डिरेलरच्या स्क्रूच्या खाचेत तोच लाल कण होता. मी पाहिला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि गप्प बसलो. गिअर मस्त पडत होते, बायकोनं त्याला चहा दिला होता. घरात बसलेल्या माणसावर आळ कसा घ्यायचा? मी अडाणी नाही. बावीस वर्षं उद्यमनगरात लेथवर आहे, आटा बोटानं ओळखतो. तरीही.

नवव्या दिवशी हँगर तुटला, तीन स्पोक गेले. तुटलेलं तोंड अर्धं काळपट, अर्धं चकचकीत. म्हणजे जुनाच हँगर ठोकून सरळ केलेला, चीर तेव्हाच गेलेली.

हँगर मऊ अॅल्युमिनियमचा असतो, फ्रेम वाचावी म्हणून तो आधी वाकतो. तो वाकला म्हणजे डिरेलर मेला असं नाही. १० मिमी जाडीचा, १ मिमी पिचचा (आट्याच्या दोन फेऱ्यांतलं अंतर) मागच्या चाकाचा एक्सल त्याच्या आट्यात बसतो. तसलं जादा चाक असेल तर डिरेलर काढून ते तिथं पिळा. ते आणि सायकलचं मागचं चाक समांतर दिसलं पाहिजे. नसेल तर ते जादा चाक धरून हळूहळू वाकवा. हातोडा नको, आणि पुन्हा पुन्हा तर नकोच.

चौकीत तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, 'पैसे तुम्हीच दिलेत की, हा दिवाणी वाद.' तिसऱ्यांदा अर्ज ठेवून घेतला, पोच नाही. एक शिक्का मारायला काय लागतं? बँक म्हणते पोलिसांकडे जा, पोलीस म्हणतात ग्राहक आयोगात जा. तिथं जोडायला माझ्याकडे पावती नाही. पावतीशिवाय रुपया देऊ नका, माणूस कितीही 'काका काका' करू दे.

तुटलेला हँगर आणि तो लाल कणाचा स्क्रू डबीत ठेवलाय. सोमवारी चौथ्यांदा जाणार आहे, पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.