ऑनलाइन शिकवणीची नोकरी: पाचपैकी दोन तारे, तेही मुलांमुळे

कंपनीचं नाव लिहीत नाही. करारात बदनामीचं एक कलम आहे आणि माझं शेवटचं पेमेंट अजून त्यांच्याकडेच अडकलंय. तिथे किंवा तसल्याच दुसऱ्या ठिकाणी शिकवलेल्यांना ओळख पटायला नावाची गरज पडणार नाही.

मी गणित शिकवते, शाळेच्या वरच्या वर्गांतल्या मुलांना. आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. त्यांचा व्हाइटबोर्ड फार छान आहे. मी स्टायलसने पॅराबोला काढला की मुलाच्या पडद्यावर त्याच क्षणी उमटतो, आणि मूल त्याच आलेखावर आपली रेघ मारू शकतं. चाळीस जणांच्या वर्गात गप्प बसणारी मुलगी इथे एकटी असते, तेव्हा धीर करून विचारते, ‘उणे गुणिले उणे अधिक का होतं? पाठ करायला सांगू नका, कारण सांगा.’ असा प्रश्न आला की पुढचे दोन दिवस मी खुशीत असते. दोन तारे त्या मुलीचे आणि त्या व्हाइटबोर्डचे.

आता उरलेले तीन कुठे गेले ते.

करारात मी ‘स्वतंत्र व्यावसायिक’ आहे, कर्मचारी नाही. म्हणजे पगारी रजा नाही, आजारपणाची सुट्टी नाही, नोटीस नाही. ठीक, स्वतंत्र तर स्वतंत्र. पण मग लॉगिन पाच मिनिटं आधी हवं, मागे कंपनीचाच बॅनर हवा, सुरुवातीचं वाक्य त्यांनी लिहून दिलेलं, स्लाइड्स त्यांच्या, त्यांचा क्रमही बदलायचा नाही. सुट्टी हवी तर आधी अर्ज, आणि दुसऱ्या कंपनीत शिकवायला बंदी. फायद्याच्या वेळी मी नोकर, खर्चाच्या वेळी मी उद्योजक! कागदावर काय लिहिलंय यापेक्षा काम प्रत्यक्षात कुणाच्या हुकमाने चालतं हे बघायचं, अशी भूमिका आता बऱ्याच ठिकाणी घेतली जाते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना याच मुद्द्यावर ‘वर्कर’ मानलं, म्हणजे नुसते स्वतंत्र व्यावसायिक नव्हे. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये प्लॅटफॉर्मवरच्या कामाबद्दल जो निर्देश काढला त्यात तर कंपनीचं नियंत्रण दिसलं की नोकरीचं नातं गृहीत धरायचं, नाही हे कंपनीने सिद्ध करायचं, अशी तरतूद आहे. आमच्या कंपनीच्या प्रशिक्षणाच्या व्हिडिओत अर्थातच यातलं काही नाही. तिथे संगीत आहे आणि हसरे चेहरे आहेत.

पैशांचं गणित मला कळायला वेळ लागायला नको होता, पण त्यांनी ते मांडलंयच असं की कळू नये. दर तासाचा सांगतात, क्लास पन्नास मिनिटांचा असतो आणि पैसे पन्नास मिनिटांचेच मिळतात. क्लास संपल्यावर पालकांसाठी अहवाल भरायचा तो फुकट. डेमो क्लासचे पैसे मुलाने फी भरली तरच, म्हणजे काउन्सेलरला विकता आलं नाही तर माझा तास गेला. मूल आलंच नाही तर ‘नो-शो’चे चतुर्थांश पैसे, तेही मी शेवटपर्यंत पडद्यासमोर बसून राहिले तर. मी मात्र दोन मिनिटं उशिरा आले की दंड. मुलाचं इंटरनेट गेलं तरी गुण माझेच कापले जातात, कारण सिस्टिमला फक्त ‘क्लास अपूर्ण’ एवढंच दिसतं. सपोर्टला तिकीट टाकलं की उत्तर येतं, ‘आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.’

प्रोफाइलवर माझा अनुभव खऱ्यापेक्षा जास्त लिहिला होता. मी मेल केला, आकडा दुरुस्त झाला. काही दिवसांनी आकड्याच्या जागी ‘विषयतज्ज्ञ, दीर्घ अनुभव’ असं आलं. खोटं म्हणता येत नाही, खरं म्हणवत नाही.

पण ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले ते वेगळंच आहे. क्लासशिवाय आम्हाला शंका-चॅटची ड्यूटी असते. मूल प्रश्नाचा फोटो टाकतं, आपण पायऱ्या लिहून उत्तर द्यायचं. एका संध्याकाळी आलेल्या फोटोच्या कोपऱ्यात घड्याळ होतं, सेकंदासेकंदाने मागे जाणारं, आणि खाली ‘सबमिट’चं बटण. मूल परीक्षेला बसलेलं होतं आणि परीक्षा मी द्यायची होती. मी चॅट नाकारलं. लगेच डॅशबोर्डवर माझा ‘नकार दर’ लाल झाला. नकार दर वाढला की स्लॉट कमी, स्लॉट कमी की इनसेंटिव्ह गेला. मी कारण लिहून कळवलं तेव्हा टीम लीडचा फोन आला. आवाज अतिशय गोड. ‘मॅडम, आपण फक्त कन्सेप्ट क्लिअर करून देतो. फोटोत काय आहे ते आपण बघायचं नसतं.’

लेखी द्या म्हटलं. दिलं नाही.

ही नुसती नीतीची गोष्ट नाही. पैसे घेऊन दुसऱ्याचं परीक्षेचं किंवा मूल्यांकनाचं काम करून देण्याच्या धंद्याविरुद्ध ऑस्ट्रेलियाने उच्च शिक्षणापुरता २०२० मध्ये कायदा केला, इंग्लंडमध्ये २०२२ पासून तो गुन्हा आहे. आपला विद्यार्थी कुठल्या देशातून लिहितोय हे चॅटमध्ये आपल्याला दिसतही नाही. उद्या प्रकरण निघालं तर कंपनी ‘स्वतंत्र व्यावसायिका’कडेच बोट दाखवणार, यात मला शंका नाही. त्यासाठीच तर ते नाव ठेवलंय.

यावर मी एक उपाय केला. उत्तर देण्याआधी विचारायचं, ‘पहिली पायरी तू काय केलीस? वहीचा फोटो टाक.’ खरा गृहपाठ करणारं मूल खाडाखोड केलेलं पान पाठवतं आणि मग मजेत शिकवता येतं. परीक्षेतलं मूल त्याच क्षणी गायब होतं, दुसऱ्या ट्यूटरकडे जातं. काही वेळा तर मी प्रश्न पूर्ण टाइप करायच्या आत. नकार दर वाढत नाही, कारण नकार मी दिलेलाच नसतो. उगाच नाही आपण गणितवाले.

भरतीबद्दल थोडंसं. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेने, माझ्यापेक्षा किती तरी सरस, तिथे अर्ज केला. फॉर्ममध्ये जन्मतारीख सक्तीची होती. नकार इतका पटकन आला की कुणी अर्ज वाचला असेल असं वाटेना. कारण काय होतं ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण अमेरिकेत आयट्युटरग्रुप या ऑनलाइन शिकवणी कंपनीवर नेमका हाच आरोप झाला होता: पंचावन्न वा त्याहून मोठ्या स्त्रिया आणि साठ वा त्याहून मोठे पुरुष यांचे अर्ज सॉफ्टवेअर आपोआप बाद करत होतं. २०२३ मध्ये कंपनीने आरोप नाकारतच ३ लाख ६५ हजार डॉलर देऊन तडजोड केली. तेव्हापासून फॉर्ममध्ये जन्मतारीख दिसली की माझ्या कपाळाला आठी पडते.

सोडतानाचा अनुभवही तसाच. मी सोडायचं तर तीस दिवस आधी कळवायचं, त्यांनी काढायचं तर ‘तात्काळ’. कळवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझे स्लॉट रिकामे दिसू लागले आणि राहिलेलं पेमेंट ‘ऑडिट’मध्ये गेलं.

तरी जायचंच असेल, आणि हात अडकलेला असताना कुणी जाऊ नये असं मी म्हणणार नाही, तर डेमोचे पैसे, नो-शोचे पैसे आणि दंडाची यादी मेलवर मागून घ्या. फोनवरचं गोड बोलणं धरू नका. शंका-चॅटची ड्यूटी ऐच्छिक आहे का विचारा, आणि असेल तर घेऊ नका. मुख्य म्हणजे डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट दर आठवड्याला काढून स्वतःकडे ठेवा: कोणता क्लास, किती मिनिटं, किती कापले. खातं बंद झालं की लॉगिन जातं, आणि आपण तिथे कधी शिकवलं होतं याचा पुरावा फक्त त्यांच्याकडे उरतो. माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत. तारीखवार तक्ता करून पाठवला तेव्हा कुठे गेल्या आठवड्यात पहिल्यांदा माणसाने लिहिल्यासारखं उत्तर आलं. त्यात विचारलंय की बाकी रकमेवर साठ टक्क्यांत मिटवायला मी तयार आहे का. नाही, असं कळवलंय.