कम्पॅशन इंटरनॅशनलची बालप्रायोजन योजना : पैसे भरण्याआधी

कोरियन युद्धातील अनाथ मुलांसाठी १९५२ साली सुरू झालेली ही संस्था स्थानिक चर्चमार्फत काम करते. बालप्रायोजन म्हणजे एका गरीब मुलासाठी दरमहा पैसे भरणे. ही रक्कम मुलाच्या हातात पडत नाही. ती चर्चच्या केंद्राकडे जाते आणि तिथून शिक्षण, आरोग्य तपासणी, पोषण यांवर खर्च होते. बायबलचे शिक्षणही कार्यक्रमाचाच भाग आहे. ते पटत नसेल, तर दुसरी संस्था निवडावी.

परिणामाबद्दल भक्कम पुरावा आहे, आणि या क्षेत्रात तो दुर्मीळ आहे. सहा देशांतल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या २०१३ च्या अभ्यासात प्रायोजित मुलांचे शालेय शिक्षण सरासरी एक ते दीड वर्षाने जास्त आढळले.

प्रायोजक आणि मूल एकमेकांना पत्रे लिहितात. सर्वांत जास्त निराशा या पत्रांमुळे होते. पत्राचे भाषांतर होते, कर्मचारी ते तपासतात, मग ते केंद्रावर पोहोचते. उत्तराला महिने लागतात. सोपी, छोटी वाक्ये लिहा, मुलाच्या आधीच्या पत्रातल्या प्रश्नाला आधी उत्तर द्या. घरचा पत्ता, फोन नंबर किंवा भेटीचे आश्वासन नको. लहान मुलांची पत्रे बहुधा केंद्रातील ताई-दादा लिहून देतात, म्हणून ती साचेबद्ध वाटतात. मूल मोठे झाले की पत्रांत त्याचा स्वतःचा आवाज येऊ लागतो. तोवर लिहीत राहाच!

कुटुंब स्थलांतरित झाले, तर प्रायोजन अचानक संपू शकते. सरकारी नियमही आड येतात: २०१७ मध्ये संस्थेला भारतातले काम बंद करावे लागले.