ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक: डावा पाय की उजवा?
ताशी 60 किमी वेगाला गाडी सेकंदात सुमारे 16.7 मीटर जाते. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर यायला पाव सेकंद लागला, तरी चार मीटर गेलेच. डावा पाय ब्रेकवर तयार असेल तर ते वाचतात, हे खरं. पण मॅन्युअल (हाताने गिअर बदलायच्या) गाडीत क्लच तळापर्यंत दाबायची सवय असलेला हा पाय ब्रेकही तसाच दाबतो. गाडी गचकन थांबते, मागचा येऊन आदळतो. शिवाय पाय नुसता टेकला तरी ब्रेकलाइट पेटलेले राहतात, पॅड घासून तापतात. घाट उतरताना हे फारच वाईट. त्यापेक्षा उजवी टाच ब्रेकसमोर टेकवून चवडा वळवा, डावा पाय फूटरेस्टवर ठेवा. मॅन्युअलमध्ये प्रश्नच नाही, डावा क्लचचाच.