कोल्टचा १४ इंची पीळ की स्मिथ अँड वेसनचा १८.७५ इंची?

नळीच्या आत गोलगोल कोरलेल्या खाचांचा पीळ गोळीला फिरवून स्थिर ठेवतो. .३८ आणि .३५७ काडतुसांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कोल्ट पायथनच्या नळीतला हा पीळ १४ इंचांत एक फेरा पुरा करतो, तोही डावीकडे. स्मिथ अँड वेसनचा १८.७५ इंचांत, उजवीकडे. दिशेवरून वाद घालण्यात अर्थ नाही, नेमाला तिने काही फरक पडत नाही.

खरी कसोटी लागते ती पोकळ बुडाच्या, १४८ ग्रेन वजनाच्या वॉडकटरवर, म्हणजे कागदात स्वच्छ गोल भोक पाडणाऱ्या सपाट तोंडाच्या गोळीवर. सेकंदाला ७५० फुटांनी सुटलेली ही शिशाची गोळी कोल्टमधून मिनिटाला सुमारे ३८,६०० फेरे घेते, स्मिथमधून २८,८००. २५ यार्डांवर दोन्ही ठीक. ५० यार्डांवर मात्र मंद पिळातली कधीकधी डगमगते आणि कागदावर गोलाऐवजी लांबट भोक पडतं. मग वेग वाढवावासा वाटतो. पण दाब वाढला की बुडाचा पातळ घेर फाटतो, क्वचित तुटून नळीतच राहतो, आणि पुढची गोळी त्यावर आदळली की नळी फुगते. म्हणूनच अमेरिकेतले पीपीसी (पोलिसी पद्धतीच्या पिस्तूल स्पर्धांचे) नेमबाज स्मिथच्या सांगाड्यावर पायथनची नळी बसवून घेत. त्या जोडाला ‘स्मोल्ट’ म्हणतात.

जॅकेटवाली, म्हणजे शिशावर तांब्याचं कवच असलेली, १२५ ग्रेनची जोरकस .३५७ मॅग्नम गोळी सेकंदाला १,४०० फुटांनी जाते. तिला स्मिथमध्येही मिनिटाला ५३,७६० फेरे मिळतात. तेवढ्यासाठी नळी बदलणं म्हणजे पैसे वाया. भोक लांबट दिसलं तर आधी नळीच्या तोंडाची कड तपासा, पीळ नंतर.