वाचनालयातल्या संगणकावर मराठी: पाचपैकी तीन तारे

वाचनालयाच्या सार्वजनिक संगणकावर अर्ज टाइप करायला बसले. मराठी पानं स्वच्छ दिसली, कुठेही अक्षरांऐवजी रिकामे चौकोन नाहीत. लिहायला गेले तर कळफलक फक्त इंग्रजी, आणि भाषा जोडायला ॲडमिनचा पासवर्ड! काउंटरवरच्या ताई लगेच उठून आल्या, त्यांनी इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक, सुरू करून दिला. शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की ‘ऱ’. मग हलन्त, मग य. ‘दुसऱ्या’ अगदी हवा तसा उमटला. तो ‘ऱ’ नसेल तर ‘आचाऱ्याला’चं ‘आचार्याला’ होतं आणि स्वयंपाकी एकदम गुरुजी बनतो, म्हणून मी त्यासाठी हट्ट धरते.

दुसऱ्या दिवशी मराठी गायब. प्रत्येक वापरानंतर संगणक मूळ स्थितीत जातो, ते योग्यच; आपली कागदपत्रं मागे राहत नाहीत. पण मग मराठी त्या मूळ स्थितीतच बसवायला हवी. रोज ताईंना का उठवायचं?

पुस्तकांच्या शोधात मात्र निराशा झाली. नोंदी रोमन लिपीत, त्यामुळे देवनागरीत नाव टाकलं की शून्य निकाल, आणि तेच पुस्तक समोरच्या कपाटात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्या लिहिण्याच्या जागतिक प्रमाणात, देवनागरी १९९१पासून आहे; मग नोंदी अजून रोमनमध्ये का? नोंदी बदलायला मी शनिवारी येऊन बसेन, तसं ताईंना सांगून आले आहे.