लोसनफर्डच्या कालव्याकाठी कामगाराच्या घरात मुक्काम

इंग्लंडमधील वॉरिकशायर परगण्यात, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन कालव्याच्या ३१ क्रमांकाच्या लॉकला (बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या कुंडाला) लागून असलेले हे घर लँडमार्क ट्रस्ट ही जुन्या वास्तू जपणारी संस्था मुक्कामासाठी भाड्याने देते. कालव्याचा हा दक्षिणेकडील भाग १८१२ ते १८१६ या काळात विल्यम व्हिटमोर यांच्या देखरेखीखाली बांधला गेला आणि ठरावीक टप्प्यातील पाण्याची पातळी, काठ व पायवाट सांभाळणाऱ्या कामगारासाठी, म्हणजे आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखे काम करणाऱ्या माणसासाठी, अशी घरे उभारली गेली.

घराचे खरे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे अर्धगोल, पिंपासारखे छत. पूल बांधणाऱ्या कारागिरांना विटांची कमान बांधण्याचा सराव होता आणि तेच कसब त्यांनी घरांसाठी वापरले, असे सांगितले जाते. आत बसून वर पाहिले की हे स्पष्टीकरण सहज पटते. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होते, हे कळत नाही. खोल्या लहान आहेत आणि ट्रस्टने घराचा हा साधेपणा जपला, हा निर्णय मला अतिशय योग्य वाटतो, कारण ऐसपैस दिवाणखाना करण्याच्या नादात कामगाराचे घर उरलेच नसते. दूरचित्रवाणी संच नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही.

दिवसाचा बराच वेळ दाराबाहेरच जातो. जेमतेम सात फूट रुंदीच्या लॉकमध्ये नॅरोबोट, म्हणजे अरुंद, लांबट बोट, शिरते, दरवाजे बंद होतात, झडपा उघडल्यावर पाणी हळूहळू चढते किंवा उतरते, आणि हे सारे आजही माणसांच्या हातांनीच चालते. कालव्यावरचे लोखंडी पूल तर मुद्दाम पाहावेत: दोन अर्ध्या भागांमध्ये एक अरुंद फट सोडलेली आहे, जेणेकरून बोट ओढणाऱ्या घोड्याचा दोर न सोडता त्या फटीतून पार करता यावा.

हा कालवा १९५८ मध्ये कायमचा बंद करण्याचा प्रस्ताव होता. तो फेटाळला गेल्यावर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने कालवा भाडेपट्ट्याने घेतला, स्वयंसेवक, सैनिक आणि कैदी यांनी मिळून गाळ उपसला, लॉक दुरुस्त केले, आणि १९६४ मध्ये तो पुन्हा खुला झाला. त्या प्रयत्नांत अग्रेसर असलेले जॉन स्मिथ यांनीच पुढच्या वर्षी पत्नी क्रिस्टियन यांच्यासह लँडमार्क ट्रस्टची स्थापना केली. त्यामुळे या संस्थेच्या इमारतींपैकी एखादीच पाहायची असेल, तर मी याच घराची शिफारस करेन.

घरात चार जणांची सोय आहे. चालण्याच्या अंतरावर कालव्याकाठीच फ्लर द ली हे जुने मद्यगृह आहे. काठाची पायवाट सार्वजनिक असल्यामुळे दारासमोरून ये-जा सुरू असते, आणि लॉकचे पाणी खोल असल्याने लहान मुले सोबत असतील तर त्यांना क्षणभरही एकटे सोडू नये.